सहाव्या वर्षाची दाढ

मेमधली ओपीडी, सकाळचे अकरा.
कूलरच्या वाळ्याला आता वास नाही, नुसतं पाणी टपकतं.
खुर्चीत ओजस पराते, वय सात,
ओठ असे मिटलेले की आत कुणी निजलंय.

"दात घासाले बसवलं का रडते," त्याची आई सांगते,
"कूलरची हवा तोंडात गेली तरी रडते.
नागपूरचं पोरगं, मॅडम,
अन् संत्र्याच्या फोडीले हात लावत नाई.
चॉकलेट त मी घरात येऊच देत नाई."

आरशात दाढ दिसते.
कीड म्हणावी, तर कीड नाही.
ओल लागलेल्या खडूसारखी,
कडेला पिवळी, पुढे तपकिरी,
गेल्या वर्षी उगवली
आणि एक कोपरा ढासळलासुद्धा.
समोरच्या दातावर सायीएवढा पांढरा ठिपका.
शाळेत बाईंना दिसला तो हाच.
'दात न घासणाऱ्यांच्या' रांगेत उभं केलं होतं त्याला.
तेव्हापासून तो नाकाने हसतो.

मला विचारावंच लागतं:
पहिल्या वर्षात ताप? न्यूमोनिया? काचेत ठेवलं होतं?
कुंदाबाई बोटांवर महिने मोजतात.
एकदा छाती भरली होती. मेयोत चार दिवस.
बोट तिथेच थांबतं.
"म्हंजे तवाच माह्या हातून काई..."

बाहेर चौदा पेशंट, आणि मी सांगत बसते,
की दाताचं हे कवच विणणाऱ्या पेशी
हिरडीच्या आत, अंधारात, एकदाच विणतात
आणि दात वर येईपर्यंत संपून जातात.
मागाहून दुरुस्तीला कुणी येत नाही.

"आमच्या टांडापेठेत मागावर असंच," त्या म्हणतात,
"धागा तुटला अन् ध्यान नसलं
त ठाण उतरल्यावरच दिसते.
पन तिथं मालक सांगते ना,
कोनाची पाळी होती ते."

याला माझ्याकडे उत्तर नाही.
केसपेपरवर कारणाच्या रकान्यात
मी इंग्रजीत लिहिते: निश्चित नाही.
"काय लिहिलं?"
"आईची चूक नाही, असं."
रकाना तेवढा मोठा नव्हता.

पहिल्या दिवशी ड्रिल नाही, सुई नाही.
कापसाने पुसलेला दात, वर फ्लोराइडचा चिकट लेप.
घरी ब्रश कोमट पाण्यात बुडवायचा, एवढंच.
दुसऱ्या खेपेला तात्पुरतं सिमेंट.
तिसऱ्या खेपेला सुई.
पण अशा दाढेत सुई नीट चढत नाही,
आतली नस महिनोन् महिने जागी, चिडलेली.
त्याने माझं मनगट धरलं.
कॉलेजात शिकवलं होतं, थांबू नका, पोरं फायदा घेतात.
मी थांबले.
त्याने सोडलं, मी सुरू केलं, त्याने धरलं.
नऊ वेळा.
मग स्टीलची टोपी, त्याच्याच चावण्याने बसलेली,
टक्.

समोरच्या ठिपक्याला आत्ता हात लावायचा नाही.
वाढू दे, बारा-तेराचा होऊ दे, मग बघू.
हे कुंदाबाईंना पटलं नाही. ओजसला तर नाहीच.

नोव्हेंबरात परत आला.
'आ कर' म्हणायच्या आधीच आ.
"हा शाळेत पोरायले दाढ दाखवते, मॅडम,
एकेक रुपया घेते!
बाईनंबी पाह्यली म्हने."
"बाईंना फुकट?" मी विचारलं.
तो जरा थांबला.
"त्याहिच्याकडून दोन घेतले."

बोटांना संत्र्याच्या सालीचा वास.
"उजवीकडूनच खातो," म्हणाला,
"डावीकडं अजून लागते.
ती बी स्टीलचीच करा."